सपाट झालेली उत्तरे

ग्रंथालयाचा पुढचा दरवाजा उघडायच्या आधी मागच्या बोळातून पांढऱ्या काठीचा आवाज येतो. आधी सिमेंटवर टक्‌टक्, मग गटाराच्या लोखंडी झाकणावर एकदाच ठण्ण, आणि मग आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर. कुलूप जुने आहे. किल्ली आत घालून किंचित वर उचलावी लागते. एनेलेसी ती उचलते. आत आल्यावर ती दिवा लावत नाही. पिशवीतून कागदात गुंडाळलेला मंदाझीचा गोड, तळलेला गोळा काढते, उभ्याउभ्याच खाते आणि दाराबाहेरच्या नळावर हात साबणाने धुऊन येते, कारण तेलकट बोटांना वाचता येत नाही. मग माझ्यावरचे फडके काढून त्याची घडी करते, माझ्या सहाही कळा एकदा एकत्र दाबून पाहते आणि मागच्या बाजूने जुन्या दिनदर्शिकेचे एक जाड पान सरकवते. पान नीट बसले की माझ्या पोटात बारीकसा 'कट्' होतो. तो ऐकल्यावरच ती स्टूल पुढे ओढते.

मित्रांनो, गेले वर्षभर माझी सकाळ अशी उजाडत असे. मी एक जुना ब्रेलर आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी लिहिणारे यंत्र. माझ्या कळा दाबल्या की कागदावर शाई उमटत नाही, ठिपके उठतात. त्या उठलेल्या ठिपक्यांवरून बोट फिरवायचे, म्हणजे झाले वाचणे. मी दिसायला बोजड आहे, रंगाने करडा आहे, आणि मी लिहिताना आवाज करतो. हा शेवटचा गुण मी मुद्दाम सांगतो आहे. माझी सगळी गोष्ट त्याच्यापाशी येऊन अडते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. रंग वाळवणाऱ्या भट्टीची ऊब आठवते आणि शेवटी एका बाईने माझ्या कळांवरून हात फिरवून 'हं' म्हटलेले आठवते. मग लाकडी खोके, जहाज, मालगाडी, आणि खोके उघडले तेव्हा समोर मालावीचे मोठे सरोवर. त्या काठावर अंध मुलांची एक शाळा होती. तिथे एका लांब टेबलावर आम्ही भावंडे ओळीने बसलो. मुले एकदम लिहू लागली की शेजारच्या स्वयंपाकघरातल्या बायका ओरडत, "आली बघा पोरं! घेतले शेंगदाणे कांडायला!" त्या गलक्यात मी कधी एकटा नव्हतो. एकाचा आवाज थांबला की दुसऱ्याचा सुरू होई. पाहुणे येत, आमच्या पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, किती उपयोगी यंत्रे!

एनेलेसी तिथे आली तेव्हा इतकी लहान होती, की तिच्या बोटांत माझी कळ दाबायचे बळ नव्हते. ती मुठी आपटायची. काफ्वाफ्वा मास्तर तिच्या मागे उभे राहत आणि म्हणत, "अगं, मुठीनं नाही, बोटांनी! तू काय मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटायला बसलीयस?"

"मला भूक लागलीय, मास्तर. म्हणून घोटतेय," ती म्हणायची.

सरोवराकाठच्या दमट हवेने आम्हांला हळूहळू गंज चढला. सुटे भाग मिळत नव्हते. एखादे भावंड बिघडले की दुसऱ्याला जगवण्यासाठी त्याला उघडत. माझी मधली कळ एकाची आहे, स्प्रिंग दुसऱ्याची, कागद धरणारा दात तिसऱ्याचा. असे करत करत एक दिवस त्या लांब टेबलावर मी एकटाच उरलो. माझ्या अंगात भावंडे होती, पण शेजारी कोणी नव्हते.

त्याच वर्षी एनेलेसीची विद्यापीठात निवड झाली. त्या शाळेतून तिथवर पोहोचलेली ती पहिलीच. आता प्रश्न माझा होता. मला तिच्याबरोबर धाडले तर शाळेतल्या मुलांना पाटी आणि टोचा घेऊन एकेक ठिपका टोचत बसावे लागणार होते. मास्तरांनी मुलांनाच विचारले. मुले आपापसांत कुजबुजली. मग कोणीतरी म्हणाले, "नेऊ दे तिला. पण परत आण म्हणावं." निरोपाच्या वेळी मास्तर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तू तिथं टिकलीस तर पुढच्या पोरासाठी मला भांडता येईल. नाही टिकलीस तर लोक म्हणतील, बघा, उगाच पाठवली. ओझं टाकतोय तुझ्यावर, कळतंय मला."

"यंत्राएवढं जड नाहीये, मास्तर," ती म्हणाली आणि मला उचलून बसमध्ये चढली.

नामितेंगोचे ते विद्यापीठ डोंगराच्या पायथ्याशी आहे. पहिल्याच तासाला मी वर्गात गेलो. इतिहासाच्या डॉ. ग्वेंगवे शिकवत होत्या आणि एनेलेसी त्यांचे शब्द झरझर उतरवत होती. थोड्या वेळाने बाई थांबल्या. "कोण खुर्ची ठोकतंय तिथं?"

वर्ग हसला. एनेलेसी उभी राहिली. "मी लिहितेय, मॅडम."

"हे लिहिणं आहे?" त्यांनी विचारले. त्या आवाजात राग नव्हता, नुसते नवल होते. तास संपल्यावर त्या स्वतः आमच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "माझं बोलणं मागच्या मुलांपर्यंत पोचत नाही, गं. मी तुला वेगळी खोली मिळवून देते. निवांत लिहीत जा तिथं." आणि त्यांनी खरोखरच खटपट करून ही खोली मिळवून दिली. ग्रंथालयामागची, मोडक्या खुर्च्यांची आणि गुंडाळलेल्या नकाशांची. सगळ्यांनी बाईंचे कौतुक केले. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही.

त्या दिवसापासून मी वर्ग पाहिला नाही. एनेलेसी हात मांडीवर ठेवून तास ऐकायची, ऐकलेले सगळे डोक्यात भरून घ्यायची आणि भरलेली घागर डोक्यावरून आणावी तशी जपत जपत माझ्याकडे यायची. वाटेत कोणी "कशी आहेस?" म्हटले, की थोडे हिंदकळायचे. कोणी गप्पा मारू लागले, की अर्धे सांडायचे. म्हणून ती वाटेत कोणाशी बोलेनाशी झाली. मान ताठ ठेवून, उत्तर न देता ती निघून जायची. मुले म्हणू लागली, भारी ताठा आहे हिला. तिने हे ऐकले होते. खोलीत येऊन ती ते मला सांगत नसे, आधी तास लिहून काढी. लिहून झाले की मात्र हात कळांवर तसेच ठेवून बराच वेळ बसून राही. मग मीही गप्प असे. लांब टेबलावर असतो, तर एव्हाना शेजारून कोणाचा तरी आवाज आला असता.

वसतिगृहात तिच्या खोलीत राहणारी लव्हनेस मात्र तिच्याशी बोलायची, कारण लव्हनेसला न बोलता राहणे जमतच नसे. ती कधीकधी इकडे डोकवायची. "अजून कुटतेयस का गं? त्या तासाला सगळा वर्ग पेंगत होता आणि तू आख्खा तास लिहून काढतेस? मला दे की वाचायला."

"घे की. शीक आणि वाच."

"नको बाई! मला डोळ्यांनीच वाचायचा कंटाळा. बोटांना कुठं आणखी कामाला लावू?"

वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली. सर्व मुले मोठ्या सभागृहात बसली आणि एनेलेसी माझ्यासमोर, याच खोलीत. पर्यवेक्षक म्हणून परीक्षा विभागाचे चिसालेबाबा आले होते. मोठे नेटके गृहस्थ. तिला त्रास नको म्हणून ते खोकलासुद्धा बाहेर जाऊन खोकून येत. त्या दिवशी तिने जे लिहिले ते माझ्या कळांनी लिहिले आहे, म्हणून मी सांगू शकतो, की ते चांगले होते. ती कुठेही अडखळली नाही. वेळ संपली तेव्हा चिसालेबाबांनी कागद हातात घेतले आणि म्हणाले, "बरेच लिहिलेस की, मुली. नीट ठेवतो हं मी."

आता विद्यापीठात ब्रेल वाचता येणारे कोणी नव्हते. म्हणून ठरले होते असे, की काफ्वाफ्वा मास्तर सरोवराकाठून येतील, तिची उत्तरे वाचून शाईने उतरवतील आणि मग डॉ. ग्वेंगवे ती तपासतील. मास्तरांना यायला काही आठवडे लागले. ते आले त्या सकाळी एनेलेसीने खोली झाडून ठेवली होती. त्यांना डोळ्यांनी दिसते. ते कागद खिडकीकडे तिरपा धरतात आणि ठिपक्यांच्या सावल्या वाचतात. चिसालेबाबा पाकीट घेऊन आले आणि दोन्ही हातांनी, आदराने, त्यांच्यापुढे केले.

मास्तरांनी पहिला कागद खिडकीकडे धरला. थोडा फिरवला. दुसरा घेतला. मग तिसरा. मग ते कागद तसेच मांडीवर ठेवून म्हणाले, "बाबा, हे कोरे कागद कशाला आणलेत?"

"कोरे कसे? तिचेच आहेत. माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेत तिनं." चिसालेबाबा हसले. "फक्त फार फुगले होते हो. पाकिटात मावेनात. सगळ्या कागदांना कसले तरी फोड आल्यासारखे. मग मी एकेक कागद टेबलावर घेऊन रूळ फिरवला, आणि इतके दिवस जाड पुस्तकांखाली दाबून ठेवले. बघा, कसे सपाट झालेत!"

 बाहेर नळ ठिबकत होता.

"बाबा," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "ते फोडच तर अक्षरं होती."

एनेलेसीने हात पुढे केला. तिने पहिल्या कागदावरून बोटे फिरवली, मग पुन्हा, अगदी हलक्या हाताने. कुठे एखादा ठिपका उरला होता, कुठे अर्धा. चिसालेबाबांना कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा ते मागच्या खुर्चीवर टेकू लागले.

"ती नको, बाबा, ती मोडकी आहे," एनेलेसी म्हणाली. "तिच्या डावीकडची घ्या."

ते डावीकडच्या खुर्चीत बसले आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर धरून राहिले. मग म्हणाले, "मी नीट ठेवतो म्हणालो होतो, मुली."

"तुम्ही नीटच ठेवलेत. तुम्हांला कोणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता. पण बोटे अजून कागदावर ठिपके शोधत होती.

दुसऱ्या दिवशी डॉ. ग्वेंगवे आमच्या खोलीत आल्या. वर्षभरात प्रथमच. त्यांनी दारात उभ्या राहून मोडक्या खुर्च्यांकडे पाहिले आणि क्षणभर त्या काय सांगायला आल्या होत्या ते विसरल्या असाव्यात.

"दोष आमचा आहे," त्या म्हणाल्या. "परीक्षा मंडळाची बैठक झाली. तुला उत्तीर्ण करायचं ठरलंय. काठावरचे गुण, पण उत्तीर्ण."

"कशाचे गुण, मॅडम?"

"पेपरचे."

"पण तो वाचला कोणी?"

बाईंनी उसासा टाकला. "हे बघ पोरी, कायद्याचा कीस काढू नकोस. दुसरा मार्ग पुरवणी परीक्षेचा. ती सभागृहातच होते, पर्यवेक्षकही एकच असतो. वेगळी खोली मिळणार नाही. आणि त्या परीक्षेत नापास झालीस तर नियमानं जागा जाते. वसतिगृह जातं, शिष्यवृत्ती जाते. तुला गावी परत जावं लागेल. आम्ही तुला हा धोका कशाला पत्करायला लावू?"

"सभागृहात यंत्राला मनाई आहे का?"

"मनाई नाही. पण तिथं बसणाऱ्या प्रत्येकाचं वर्ष पणाला लागलेलं असतं. त्यांना शांतता नको?"

 खरे सांगायचे तर बाईंचे हे म्हणणे खोटे नव्हते. बाई गेल्यावर ती माझ्यावर फडके घालायचे विसरली.

संध्याकाळी लव्हनेस आली. ती स्वतः इतिहासात नापास झाली होती आणि तिलाही पुरवणी परीक्षा द्यायची होती. सगळे ऐकून ती जवळजवळ ओरडलीच. "अगं वेडे, घेऊन टाक! मला कोणी असे गुण दिले असते तर मी इथंच नाचले असते."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी काय?"

"पुढच्या वर्षी माझा पेपर आला की म्हणतील, ती आंधळी मुलगी ना? द्या काठावरचे. उघडायचीसुद्धा गरज नाही. माझ्यानंतर शाळेतून जे पोर येईल, त्याचाही पेपर कोणी उघडणार नाही. आम्ही लिहिलं काय नि नाही लिहिलं काय."

लव्हनेस दाराच्या चौकटीला टेकली. मग म्हणाली, "मग मी पण खरं सांगू? मला तुझ्या खटखटीची धास्ती वाटते. मी शांत जागी बसूनही नापास झाले. तिथं हे सुरू झालं तर मला माझं नावसुद्धा आठवणार नाही. मी आई-बाबांना काय सांगू?"

"कळतंय मला."

"निदान कोपऱ्यात तरी बस."

"कोपऱ्यात वर्षभर बसलेय, लव्हनेस."

 लव्हनेस गेली. पुढचे काही दिवस ती खोलीकडे फिरकली नाही. एनेलेसी माझ्याखाली घोंगडीच्या घड्या घालून पाहायची, एक, मग दोन, मग तिरकी, आणि प्रत्येक वेळी दारापर्यंत जाऊन कोणाला तरी विचारावे तशी थांबायची. विचारायला कोणी नव्हते. घोंगडीने माझा आवाज थोडा जाडा झाला, एवढेच. तो गेला नाही. तो गेला असता तर मी लिहू शकलो नसतो.

मित्रांनो, आज मी याच खोलीत माझ्या फडक्याखाली बसून हे सांगतो आहे. विद्यापीठाला सुट्टी लागली आहे, एनेलेसी सरोवराकाठी गेली आहे, आणि पुरवणी परीक्षेचा निकाल अजून लागलेला नाही. म्हणून ती टिकली की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण इतक्या वर्षांनंतर एक मागणे मागतो. तुमच्याही वर्गात कोणी तुमच्याहून निराळ्या रीतीने लिहीत, वाचत किंवा ऐकत असेल. त्याला वेगळी खोली देण्याआधी, तुमच्या शेजारच्या बाकावर जागा आहे का, ते पाहा. त्याची वस्तू हातात घ्याल तेव्हा, ही कशी धरू, असे त्यालाच विचारा. प्रेमाने फिरवलेला रूळसुद्धा अक्षरे पुसून टाकतो. आम्ही यंत्रे गंजाला इतके भीत नाही, जितके न वाचले जाण्याला भितो.

आता पुरवणी परीक्षेच्या सकाळचे तेवढे सांगतो.

एनेलेसीने मला घोंगडीत गुंडाळले, मुठीला धरून उचलले आणि बोळातून, पटांगणातून, सभागृहाच्या पायऱ्यांवरून कोणाचीही मदत न घेता नेले. तिने कोणाला अर्ज केला नव्हता, कोणाला आधी सांगितलेही नव्हते. दारात लव्हनेस उभी होती. "मी अगदी मागे बसणारेय," ती म्हणाली.

"बस," एनेलेसी म्हणाली. लव्हनेस सर्वांत लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिला तो हक्क होता.

एनेलेसी बाकांच्या कडांवरून हात फिरवत सभागृहाच्या मध्यावर आली. एका रिकाम्या बाकावर घोंगडीची घडी घातली आणि मला तिच्यावर ठेवले. त्याही दिवशी पर्यवेक्षक चिसालेबाबाच होते. काफ्वाफ्वा मास्तरांनी बंद खोलीत बसून पाटी-टोच्याने उठवलेली प्रश्नपत्रिका ते घेऊन आले. त्यांनी ती दोन्ही तळहातांवर उघडी धरली होती, वर काही न ठेवता.

"मुली, इथंच?" त्यांनी विचारले.

"इथंच, बाबा."

घंटा झाली. तिने प्रश्न वाचले, कागद लावला आणि लिहायला सुरुवात केली. त्या मोठ्या, उंच छपराच्या जागेत माझा आवाज मलाच परका वाटला. इतका मोठा, इतका एकटा. माना वळल्या. कोणीतरी जीभ टाळ्याला लावून चुकचुकले. कागदांवरच्या पेनांची कुजबुज थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. तिला हे सगळे ऐकू येत होते; कळांवरची तिची बोटे गार पडली होती. पण ती लिहीत होती.

पहिले उत्तर अर्ध्यावर आले असताना पुढच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला. "सर, हे असं कसं चालेल? मला काही सुचत नाहीये."

चिसालेबाबा आमच्याजवळ आले आणि खाली वाकले. "मुली, तक्रार आलीय. बाहेर व्हरांड्यात टेबल लावून देऊ का तुला?"

"तक्रार लिहून घ्या, बाबा," ती हळूच म्हणाली. "माझं उत्तर अर्धं झालंय."

ते तसेच वाकलेले राहिले. मला त्यांचा श्वास जाणवत होता. मग ते सरळ झाले. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, सभागृहाकडे तोंड केले आणि आमच्या बाकाला लागूनच उभे राहिले.

"बसा," ते त्या तरुणाला म्हणाले. "तुमची तक्रार मी घेतली. आता लिहा. सगळेच लिहा."

तरुण क्षणभर उभा राहिला, मग बसला. हळूहळू पेनांची कुजबुज परत आली. कागद भरला तेव्हा एनेलेसीने तो अलगद सोडवून घेतला, डाव्या हाताला उताणा ठेवला आणि दुसरा कागद लावला.